कोशू वाइन साशिमीबरोबर पाणचट का लागते, आणि ती जुळवायची कशी

प्रश्न असा आला आहे: टोकियोत निशिकासाईला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने यामानाशी प्रांतातली कोशू ही पांढरी वाइन आणली आणि फ्रिजमधून काढून थेट साशिमीच्या, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांच्या, ताटाबरोबर घेतली. ताईबरोबर (हा पांढऱ्या मांसाचा समुद्री मासा) ती पाण्यासारखी लागली, मागुरोबरोबर म्हणजे ट्यूनाबरोबर कडवट झाली, आणि इकुराचे, म्हणजे साल्मनच्या अंड्यांचे, लालकेशरी दाणे खाल्ल्यावर घेतलेल्या घोटानंतर तोंडात माशाचा हिवसट वास रेंगाळला. जपानी जेवणाला हीच वाइन योग्य असं सगळीकडे वाचलं होतं, मग चुकलं कुठे? शिवाय घरात दोन माणसं शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी काय करावं?

बाटली खराब असण्याची शक्यता फार कमी आहे. तुमच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिघींची कारणं वेगवेगळी आहेत. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा: कोशूची जोडी मासा कोणता यावर ठरत नाही, त्या माशाला काय लावलंय यावर ठरते. तोच ताई मीठ आणि सुदाची या छोट्या जपानी लिंबाच्या थेंबांबरोबर खाल्ला की ही वाइन खुलते, आणि शोयुच्या (सोया सॉसच्या) वाटीत बुडवून खाल्ला की तिचा मागमूस राहत नाही.

असं का, हे समजायला द्राक्षाकडे बघावं लागतं. कोशूचं द्राक्ष पांढऱ्या वाइनचं असलं तरी दिसायला हिरवं नसतं. पिकल्यावर साल फिकट गुलाबी-जांभळी होते आणि ती चांगली जाड असते. जनुकीय तपासणीत या जातीचा सुमारे 70 टक्के वारसा युरोपियन वाइनच्या द्राक्षाचा निघाला आहे. उरलेला पूर्व आशियातल्या रानवेलींचा. पावसाळी सप्टेंबर आणि वादळांच्या देशात हे द्राक्ष टिकलं त्यात या जाड सालीचा मोठा वाटा आहे. यामानाशीत कात्सुनुमाच्या उतारांवर वेली डोक्याएवढ्या उंचीच्या मांडवावर चढवतात आणि पावसापासून जपायला घडाघडावर कागदाच्या छोट्या टोप्या लावतात. काढणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत चालते.

या द्राक्षात साखर फारशी चढत नाही. त्यामुळे अनेक वायनरी रसात थोडी साखर घालून आंबवतात. ते कायदेशीर आहे आणि लपवण्यासारखंही काही नाही. एका लिटर रसाला सुमारे 17 ग्रॅम साखर घातली की अल्कोहोल 1 टक्क्याने वाढतं. तरीही बहुतेक बाटल्या 11 ते 12 टक्क्यांच्या आसपासच राहतात. आंबटपणा मध्यम, सुगंध हलका: लिंबाची साल, पांढरं पीच, कधी जपानी नाशपाती, क्वचित लवंगेची छटा. शेवटी जिभेवर येतो तो बारीक कडवटपणा. तो सालीतल्या फिनॉल या तुरट-कडू द्रव्यांचा. नवख्याला तो दोष वाटतो, पण जेवणाच्या ताटावर हाच कडवटपणा कामाला येतो. तळलेल्या पदार्थाचं तेल तो कापतो, आणि भाजलेल्या माशाच्या करपलेल्या सालीशी किंवा शिशितो मिरचीशी त्याचं चांगलं जमतं.

आता तुमच्या तक्रारी एकेक करून.

पाणचटपणाचं पहिलं कारण तापमान. घरातला फ्रिज 3 ते 5 अंशांवर असतो. इतक्या थंडीत कोशूचा आधीच नाजूक असलेला सुगंध ग्लासातून वर येतच नाही, आणि आंबट-कडू तेवढं टोचत राहतं. साध्या टाकीत आंबवलेल्या कोशूला 8 ते 10 अंश हवेत, बॅरलमधल्या कोशूला 10 ते 12. बाटली जेवणाच्या 15-20 मिनिटं आधी बाहेर काढा. टोकियोच्या ऑगस्टमध्ये 10 मिनिटं पुरे. ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा, मध्यम घ्या आणि एका वेळी 90-100 मिलिलिटरच ओता. ओचोकोसारख्या छोट्या पेल्यात ही वाइन कधीच कळणार नाही.

दुसरं कारण शोयु. शोयुमध्ये मीठ आहे, पण त्याबरोबर उमामी (मांस-मशरूमसारखी भरीव चव) आणि भाजक्या धान्याचा दाट वास आहे. वाटीत लोळवलेला तुकडा तोंडात गेला की नंतरच्या घोटाला बोलायला जागाच उरत नाही. शोयु सोडायचाच नसेल तर शोयु, सुदाचीचा रस आणि गार दाशी (समुद्री वनस्पतीचं किंवा सुक्या माशाचं पातळ सार) समान भाग मिसळा, म्हणजे प्रत्येकी 1 मोठा चमचा, आणि तुकड्याचं फक्त एक टोक त्यात टेकवा. वासाबी वाटीत कालवू नका, तुकड्यावर शेंगदाण्याच्या निम्म्याएवढा ठेवा. सुदाची मिळाला नाही तर काबोसु, तोही नसेल तर साधं लिंबू चालेल. फक्त लिंबू जपून, कारण त्याचा आंबटपणा वाइनपेक्षा वरचढ झाला की वाइन पुन्हा फिकी वाटते.

मागुरोबरोबर आलेल्या कडवटपणाचं मूळ उमामीत आहे. उमामी भरपूर, पण मीठ आणि आंबट कमी अशा घासानंतर कोणतीही कोरडी वाइन अधिक कडू आणि अधिक रुक्ष लागते. गोडाचाही परिणाम तसाच होतो. कोशूत तो बारीक कडवटपणा मुळातच आहे, म्हणून तिच्यात तो पटकन वर येतो. घासात चिमूटभर मीठ आणि आंबटाचा थेंब वाढवला की बराचसा विरतो. तरीही लाल मांसाच्या मागुरोसाठी मी कोशूचा आग्रह धरणार नाही. त्याला मस्कट बेली ए ही हलकी लाल वाइन 14 अंशांपर्यंत थंड करून द्या. ही जात निइगाता भागात कावाकामी झेंबेइ यांनी 1927 साली संकरातून तयार केली. शोयु आणि मागुरो या जोडीला ती पेलते.

तिसरी तक्रार, हिवसट वासाची, सगळ्यात महत्त्वाची आहे. शातो मर्सियन चालवणाऱ्या मर्सियन कंपनीच्या संशोधकांनी 2009 साली दाखवून दिलं की हा वास मुख्यतः वाइनमधल्या लोहामुळे येतो. माशाच्या चरबीचं हवेने ऑक्सिडीकरण झालेलं असतं. त्या चरबीशी वाइनमधल्या लोहाची तोंडातच क्रिया होते आणि काही सेकंदांत उग्र वासाची द्रव्यं तयार होतात. लिटरला साधारण 2 मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की हे स्पष्ट जाणवू लागतं. कोशूत लोह सहसा कमी असतं, म्हणून कच्च्या सागरी अन्नाबरोबर ती इतर अनेक पांढऱ्या वाइन्सपेक्षा सुरक्षित ठरते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि समीकरणाची दुसरी बाजू माशाची आहे. मासा जितका तेलकट आणि जितका वेळ कापून ठेवलेला, तितकं ऑक्सिडीकरण जास्त. माशांची अंडी याबाबतीत सगळ्यात अवघड. इकुरा आणि त्याहून काझुनोको, म्हणजे हेरिंगची अंडी, बहुतेक वाइन्सना पाडतात. त्यांच्याबरोबर सरळ साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, घ्या. त्यात कमीपणा काही नाही. जपानमधले चांगले सोमेलिए, म्हणजे वाइन सुचवणारे जाणकारसुद्धा, अंडी आली की साकेकडे वळतात.

हा वास टाळायचे तीन उपाय: साशिमीचा मासा तुकडे केलेला न घेता सलग ठोकळ्यात घ्या आणि जेवायच्या वेळी कापा, कापण्याआधी मीठ लावून सुटलेलं पाणी टिपून टाका, आणि वर सुदाची पिळा. आंबट फळातलं सायट्रिक आम्ल लोहाला बांधून ठेवतं, म्हणून हा थेंब फक्त चवीपुरता नसतो.

बाटली कोणत्या घडणीची आहे हेही बघायला हवं, कारण कोशू नावाखाली चार अगदी निराळ्या वाइन्स विकल्या जातात.

सगळ्यात जास्त दिसते ती सुर ली. आंबवून झाल्यावर वाइन यीस्टच्या गाळावर हिवाळाभर ठेवतात. ही पद्धत फ्रान्सच्या म्युस्कादे भागातली. कोशूसाठी ती 1980च्या दशकात मर्सियनने रुजवली आणि तंत्र शेजारच्या वायनरींनाही खुलं केलं. कात्सुनुमाचं नाव त्यानंतर उंचावलं, असं म्हणायला हरकत नाही. गाळामुळे वाइनला थोडा भरीवपणा आणि दाशीच्या जवळ जाणारी चव येते. साशिमी, चावानमुशी (वाफवलेलं खारं अंड्याचं कस्टर्ड), वाफवलेल्या शिंपल्या यांच्यासाठी पहिली खरेदी हीच करा.

दुसरी, सुगंधावर बेतलेली. 2004च्या हंगामापासून मर्सियनने कोशू किइरोका काढली. बोर्दोतल्या संशोधकांच्या मदतीने कोशूत ग्रेपफ्रूटच्या वासाचं द्रव्य सापडलं होतं, ते टिकवायला काढणी लवकर करायची आणि वेलींवर तांब्याची फवारणी आवरती घ्यायची असं ठरलं. कारण तांबं हे द्रव्य खाऊन टाकतं. युझु (लिंबूवर्गी फळ), मिओगा (आल्याच्या कुळातले कोंब), शिसोची सुगंधी पानं यांच्याबरोबर ही वाइन सुरेख जाते.

तिसरी बॅरलमधली. हिच्याबरोबर कच्चा मासा नको, लाकडाचा व्हॅनिलासारखा वास आणि कच्चं मांस भांडतात. भाजलेला शेवंडा, लोण्यात परतलेले स्कॅलप, मशरूम चालतील.

चौथी सालींसह आंबवलेली, नारिंगी रंगाची. जपानी दुकानदार तिला कामोशी म्हणतात. कोशूच्या रंगीत, फिनॉलयुक्त सालीसाठी ही पद्धत अगदी योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. साध्या कोशूत जो कडवटपणा आवरावा लागतो, तो इथे चहासारखा तुरटपणा होऊन वाइनचा कणा बनतो. 12 ते 14 अंशांवर द्या. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट), शोयुवर भाजलेलं, तीळ, लोणचं, अगदी हळद-धणेसुद्धा हिला झेपतं. यामानाशीच्या होतो या पदार्थाबरोबर, म्हणजे जाड पट्ट्यांच्या नूडल्स, काबोचा भोपळा आणि मिसोच्या रश्शाबरोबर, मला याहून चांगली जोडी माहीत नाही.

याखेरीज गोड कोशू असते. लेबलवर 'काराकुची' असेल तर कोरडी, 'आमाकुची' असेल तर गोड. पर्यटकांच्या दुकानात गोडच पुढे मांडलेली असते. तुमची बाटली पाणचट आणि किंचित गोडसर लागली असेल तर हेही तपासा. तसंच 'जपान वाइन' हे शब्द बघा. 2018पासून ते फक्त जपानमध्येच पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनला लावता येतात. त्याखेरीजच्या स्वस्त बाटलीत आयात केलेला रस असू शकतो. 'जीआय यामानाशी' हे भौगोलिक मानांकन 2013चं, जपानी वाइनमधलं पहिलं. वायनरींपैकी ग्रेस, मारुफुजीची रुबायात, कात्सुनुमा जोझोची आरुगा ब्रांका, लुमिएर ही नावं डोळे मिटून घेण्यासारखी. ग्रेसच्या आकेनो मळ्यातल्या 2013 सालच्या कोशूला 2014 मध्ये लंडनच्या डिकँटर स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. तिथे मांडवाऐवजी उभ्या तारांवर वेली वाढवून लहान, घट्ट घड घेतात आणि त्या वाइनचा भरीवपणा चटकन कळतो.

आता स्वयंपाकघरात. कोशूबरोबर एकच पदार्थ करायचा असेल तर कोंबुजिमे करा, म्हणजे कोंबु या समुद्री वनस्पतीच्या पट्ट्यांत मुरवलेला ताई. ताईचा 200 ग्रॅमचा ठोकळा घ्या, 2 ग्रॅम मीठ सगळीकडून लावा, 15 मिनिटं तिरक्या ताटलीत ठेवा. पृष्ठभागावर थेंब जमतील; ते कागदाने दाबून टिपा, धुऊ नका. कोंबुच्या दोन पट्ट्या साकेत ओल्या केलेल्या फडक्याने पुसून मऊ करा, मासा मध्ये ठेवून प्लास्टिक फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा आणि फ्रिजमध्ये 4 ते 6 तास ठेवा. तुकडे आधीच कापलेले असतील तर 1 ते 2 तास बस. मांस किंचित पारदर्शक आणि चिवट होतं, रंग हलका अंबरी. रात्रभर ठेवलं तर उमामी इतकं मुरतं की वाइन कडू पडते आणि मासा चिकट होतो. लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात. पातळ कापून वर सुदाची, शोयु अजिबात नाही. 9 अंशांवरची सुर ली ओता.

चावानमुशीला 2 अंडी, म्हणजे साधारण 100 मिलिलिटर, आणि 300 मिलिलिटर गार दाशी. मीठ 2 ग्रॅम, फिक्या रंगाचा उसुकुची शोयु 1 छोटा चमचा. मिश्रण फेटताना हवा भरू नका, गाळून घ्या. मोठ्या आचेवर 2-3 मिनिटं, मग मंद आचेवर झाकण किंचित उघडं ठेवून 10-12 मिनिटं वाफवा. आच जास्त झाली की अंड्याची प्रथिनं आकसतात, भोकं पडतात आणि पाणी सुटतं. त्या पाण्याबरोबर वाइनही पांचट वाटते. मिरिन, म्हणजे स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू, घालू नका. त्याची गोडी कोरड्या कोशूला आंबट करते.

तेम्पुराला, म्हणजे जपानी भज्यांना, हाच नियम: तेंत्सुयु या बुडवायच्या सॉसच्या वाटीऐवजी मीठ. तेंत्सुयुत मिरिन असतं. किसु मासा, कोळंबी, कमळकाकडी, शिशितो हे सगळं मिठाबरोबर उत्तम; रताळं मात्र गोड, ते शेवटी वाइन बाजूला ठेवून खा. याकितोरी (काडीवर भाजलेले कोंबडीचे तुकडे) मागवताना 'तारे' हा सॉस नको, 'शिओ' म्हणजे मीठ सांगा. गोड-खारट तारे हवाच असेल तर नारिंगी कोशू उघडा. कालवांचं तळलेलं काकी-फुराइ जाड काळ्या सॉसऐवजी लिंबाबरोबर घ्या.

शाकाहारी मंडळींसाठी कोशू खरं म्हणजे सोपी आहे. जपानी मठांच्या शोजिन र्योरीत मासा, अंडं काहीच नसतं, आणि लोहाचा तो माशाचा प्रश्नच उद्भवत नाही. फक्त दाशी जपा: बाजारातल्या बहुतेक दाशी पावडरीत बोनितो माशाचे कण असतात. घरी करा. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोंबु आणि 2-3 सुके शिइताके रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा, मग मंद आचेवर तापवून उकळी येण्याआधी कोंबु काढून टाका. उकळला की बुळबुळीत आणि कडवट होतो, आणि तो कडवटपणा वाइनच्या कडवटपणात भर घालतो. या दाशीत पांढरा मुळा 30-40 मिनिटं शिजवा, वर युझुची साल किसा. मऊ तोफूवर शोयु न ओतता मीठ, चार थेंब तिळाचं तेल आणि शिसोची पानं घाला. ताजा युबा, म्हणजे सोयाच्या दुधावरची साय, मिठाबरोबर द्या. या वाइनशी तो इतका जुळतो की मांसाहारी पाहुणेही तेच मागतात. नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) मात्र नको, त्याचा वास कोशूला गिळून टाकतो.

मराठी पदार्थांचं म्हणाल, तर घरात कांदाभजी किंवा कोथिंबीर वडी तळलीत तर ती तेम्पुराच्याच नियमाने चालते: तिखट बेताचं, चटणी बाजूला, वर मीठ आणि लिंबू. रवा लावून तळलेलं पापलेट हळद-मिठावर ठेवलंत तर सुर ली छान जाते. लाल तिखट आणि चिंचेचं वाटण लावलेल्या माशाबरोबर मात्र तिचा टिकाव लागत नाही. 11-12 टक्क्यांची नाजूक वाइन तिखटाने होरपळलेल्या जिभेवर फक्त गार पाणी ठरते. अळूवडीत गूळ असतो म्हणून साधी कोशू आंबट लागेल. तिथे नारिंगी काढा.

पाहुण्यांना पूर्ण जेवण द्यायचं असेल तर क्रम असा: मीठ-सुदाचीचं साशिमी किंवा युबाबरोबर सुर ली, मग मिठातलं तेम्पुरा त्याच बाटलीवर, मग मिसो किंवा शोयुचं भाजलेलं आलं की नारिंगी. चार माणसांना दोन बाटल्या पुरतात. मागुरो आणि इकुरा ठेवायचेच असतील तर ते शेवटी आणा आणि साके गार करून ठेवा.

उघडलेली सुर ली बूच किंवा झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये 2-3 दिवस चांगली राहते, नारिंगी 4-5 दिवस. त्यानंतर सुगंध पडतो आणि कापलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागतो. अशा उरलेल्या वाइनमध्ये आसारी शिंपल्या शिजवा: 300 ग्रॅम शिंपल्या 3 टक्के मिठाच्या पाण्यात अंधारात 2 तास ठेवून वाळू काढा, 80 मिलिलिटर वाइन आणि आल्याचे काप घालून झाकण लावा, तोंडं उघडली की लगेच उतरवा. मीठ घालू नका, शिंपल्यांचं पुरतं. न उघडलेली साधी कोशू 2-3 वर्षांत संपवा. ती साठवणीची वाइन नाही, बॅरलमधली चांगली असेल तर थोडी जास्त टिकेल.

आत्ता घरात जी बाटली उघडी आहे, तिच्यासाठी आजच ताईचा छोटा ठोकळा आणि दोन सुदाची आणा, शोयुची बाटली कपाटातच ठेवा आणि वाइन 15 मिनिटं आधी बाहेर काढा. तरीही पाणचट लागली तर ती वाइन पातळच आहे. मग पुढच्या वेळी लेबलवर सुर ली असलेली घ्या.